रविवारचा ट्रक आणि पंचायतीचा रेडिओ

उस्ताद, मध्यंतरी मी घरचा कॉम्प्युटर उघडला आणि डावा हात आपोआप पाठीमागे गेला. तुमचाच नियम. चालू सेटमध्ये एकाच हातानं शिरायचं, दुसरा पाठीशी ठेवायचा, म्हणजे झटका बसला तरी छातीतून आरपार जात नाही. धोतराला खिसा नाही म्हणून तुम्ही हात मागे धरायचे, आणि मेहकरच्या बाजारात लोक म्हणायचे, "मिस्त्री भल्ला घमेंडी हाय, रेडिओ बी ऐटीत दुरुस्त करते." त्या वेळी तर विजेची तारच काढून ठेवलेली होती, हात मागे न्यायची काही गरज नव्हती. सवय, दुसरं काय.

कॉम्प्युटर म्हणजे एकाच पेटीत रेडिओ, टाइपरायटर आणि सिनेमा कोंबला असं समजा. त्यावर खेळ असतात, आणि मी ऐंशी पार केलेला माणूस त्यात ट्रक चालवतो. हसू नका. माझी नात कॅनडात शिकते. फोनवर आमचं बोलणं तीन मिनिटांत संपतं : जेवलीस का, हो; थंडी आहे का, हो; तुमचं बीपी, बरं आहे. पण दर रविवारी सकाळी ती तिथून एक ट्रक काढते, मी इथून एक, दोघं एकाच डोंगररस्त्याला लागतो. कानावर हेडफोन. हात गुंतले की तिचं तोंड मोकळं होतं. कुठल्या मैत्रिणीशी बिनसलं, कुठल्या पेपरात अडकली. एकदा तर एका वळणावर रडलीसुद्धा. मागच्या महिन्यात म्हणाली, "आबा, मी नवीन गेम घेतलाय. पण तुमच्या मशीनवर नाही चालायचा तो. राहू द्या आता." माझे कान तुम्ही तयार केलेत, म्हणून त्या 'राहू द्या'मधून मला पुढचे सगळे रिकामे रविवार ऐकू आले.

कॉम्प्युटरच्या दुकानदाराकडे गेलो. तो म्हणाला, "काका, सात वर्षांचं मशीन हाय, फेका अन् नवं घ्या. अन् या वयात गेम कायले पायजे तुमाले?" मी म्हटलं, "बाबू, वय माह्यं झालं, मशीनले काऊन बोल लावतं?" हसला बिचारा. चित्रं उठावदार करणारं मोठं ग्राफिक्स कार्ड आणि जास्तीची रॅम घेऊन घरी आलो, दोन्ही माझ्या हातानं बसवली आणि तिचा तो नवा ट्रकचा गेम लावला. डोंगर काय, धुकं काय, चाकाखालचा चिखलसुद्धा ओला दिसला. आणि ट्रक चढाला लागताच मशीन टक्क करून गप्प! पुन्हा लावलं, पुन्हा चढावरच गप्प. रविवार दोन दिवसांवर. फोनवर दुकानदार म्हणाला, कार्ड खराब असेल, परत पाठवू, पंधरा दिवस धरून चाला. मी फोन ठेवला, डोळे मिटले, पेटीला कान लावला. पंखा चढत जातो, आवाजाला धाप लागते, मग टक्क. तशी धाप एकदा एका रेडिओला माझ्याच हातून लागली होती, जानेफळच्या रस्त्यावरच्या त्या गावात.

मी तेवीस वर्षांचा, लग्न नुकतंच झालेलं, तुमच्याकडे तिसरं वर्ष. महाराष्ट्र होऊन थोडीच वर्षं झालेली. गावात वीज नाही, पंचायतीचा रेडिओ बॅटरीवर. सरपंच म्हणतो, मागच्या मान्साले आवाज येत नाही. तुम्ही बाहेरगावी, मग मी हुशारी करतो : मोठा स्पीकर, आवाज वाढवणारा जोरकस व्हॉल्व्ह. पार बांधावरच्या माणसापर्यंत आवाज! गाव खूश, मला नारळ. आणि चार महिने पुरणारी बॅटरी तीन आठवड्यांत बसते. सरपंच पाच-सहा जणांना घेऊन दुकानात येतो. "काय हो मिस्त्री, रेडिओ दुरुस्त केला का त्याचा राक्षस केला? सारी बॅटरी गिळून बसला ना!"

तुम्ही माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. "चूक माही हाय," म्हणालात. खेड्यातले सेट तपासायला ठेवलेली दुकानातली एकुलती एक बॅटरी खांद्यावर घेतलीत आणि त्यांच्याबरोबर बसमध्ये चढलात. नवी येईपर्यंत आपलं खेड्यांचं काम अडून राहिलं. संध्याकाळी परत आल्यावर मात्र माझी सालटी काढलीत. "काऊन बे, घरात पाहुने वाढवले अन् भाकरी तेवढ्याच थापल्या? पहिले देनारा पाह्य, मंग मांगनारा वाढव!"

"गावाले आयकू यावं म्हनून केलं, उस्ताद."

"मंग आयकून राह्यलं ना गाव आता. सुमसाम!" आणि तुम्हालाच हसू फुटलं.

कॉम्प्युटरच्या पोटात वीज वाटणारा एक डबा असतो, त्याला एसएमपीएस म्हणतात. माझा डबा जुन्या कामापुरताच होता. चढावर नवं कार्ड जास्त मागायचं आणि तो हात वर करायचा. म्हणजे साठ वर्षांनी मी तीच चूक केली, फक्त या वेळी ती माझी मला सापडली. शनिवारी डबा बदलला. पुढे मी स्वतःची दोन दुकानं काढली, लोक म्हणतात शून्यातून उभा राहिलेला माणूस. शून्य कसलं? तिथं तुमचं दुकान होतं, आणि पाच-सहा लोकांसमोर एका माणसानं माझी चूक अंगावर घेतली होती. तेव्हा 'उपकार झाले' म्हणायची मला लाज वाटली. आता म्हणतो.

त्या रविवारी ट्रक चढ चढला. "आबा! तुम्ही कसे आलात इथं?" ती ओरडली, आणि तासभर थांबलीच नाही.

हे पत्र टाकायचं कुठं. पाकीट आणलेलंच नाही. पण तुमच्यापुढं खोटं काम कधी टिकलं नाही, म्हणून एवढं सांगून टाकतो. हा ट्रक मला आता बरा चालवता येतो. चाक कधी फसणार, ते इंजिनाच्या आवाजावरून मला आधीच कळतं. तरी घाटाखालच्या चिखलात मी तो मुद्दाम घालतो. मग ती पुढे गेलेली मागे वळते, म्हणते, "आबा, तिथंच थांबा, मी येते." दोर लावून मला बाहेर ओढेपर्यंत दहा मिनिटं जास्तीची मिळतात.