पुढच्या खोलीची परवानगी

ती. ताई,

आधी आला तो फीतवाला. आमच्या इंग्रजीच्या बाई मागून आल्या, जिना चढताना त्यांना दम लागतो. (दमावरून आठवलं, तुझा खोकला कसा आहे? औषध पितेस, की बाटली नुसती शोभेला ठेवली आहेस? आणि नमस्कार राहिलाच बघ, तो इथे समज, अगदी वाकून.) तर फीतवाल्याने चपला काढल्या आणि एक शब्द न बोलता आमची पुढची खोली मोजायला घेतली. सुनेला वाटलं, घर विकायला काढलं. तिच्या हाकेसरशी मुलगा तोंडात ब्रश घेऊन धावत आला.

आता खरं सांगते. आमच्या इंग्रजीच्या वर्गाचं छत गळायला लागलंय. पहिल्या तारखेपर्यंत जागा मिळाली नाही तर वर्ग बंद, आणि आम्ही आठ बायका पुन्हा आपापल्या चुलीपाशी. बाईंनी शुक्रवारी विचारलं, कुणाकडे खोली आहे? सगळ्या खाली बघत होत्या, तेवढ्यात माझा हात वर गेला. घरी कुणाला सांगितलं नव्हतं, आणि बाई जागा मोजायला फीतवाल्याला घेऊन हजर!

त्याच आठवड्यात बाईंनी ‘अलाउ’ शिकवला होता. म्हणजे परवानगी देणं. त्यावर दहा वाक्यं लिहायची होती. मी लिहिली, एकही चूक नाही! (बाईंनी वर्गात वही उंच धरून दाखवली, ती तू बघायला हवी होतीस.) मुलगा मला पंख्याजवळ बसू देतो, सून मला बाजारात जाऊ देते, डॉक्टर अर्धा कप चहा घेऊ देतात. खाली बाईंनी लाल शाईने लिहिलं, ‘छान. आता अकरावं असं लिहा, ज्यात परवानगी देणाऱ्या तुम्ही.’ ताई, चार दिवस पेन्सिल चावली गं. शेवटी मुलाला त्याचा कप विसळायची परवानगी दिली आणि नातीला अंथरूण काढायची. नात हसून लोळायची बाकी.

“आजी, परवानगी ज्याला करायचंय त्याला देतात!”

म्हटलं, “मग तुझ्या बापाला कप विसळावासा वाटेपर्यंत मी जगणार कशी?”

तेव्हा अकरावं वाक्य तसंच राहिलं. आणि आता फीतवाल्याने कागद काढून सरळ मुलापुढे धरला. “घरमालकांनी संमतीचं एक वाक्य लिहून सही करायची.” मुलाने ब्रश काढला, सोफ्याकडे बघितलं (तो अजस्र सोफा, त्यात बसलेला माणूस सापडत नाही) आणि म्हणाला, “विचार करून कळवतो.” बाईंचा चेहरा उतरला. तेवढ्यात नात बोलली, “बाबा, घर आजीच्या नावावर आहे ना?”

आहेच की! तीस वर्षं लोकांच्या शर्टांना काजं केली, बटणं लावली, त्यावर उभं आहे हे घर. मीच विसरले होते, तर तो बिचारा काय लक्षात ठेवणार! म्हटलं, “पेन इकडे दे.” आणि लिहिलं: आय अलाउ द क्लास टू सिट इन माय रूम. ‘माय’ला पेन इतका दाबला गेला की कागदाच्या पाठीवर उठला. बाईंनी तीनदा वाचलं. फीतवाला म्हणाला, “आजी, अक्षर काय सुरेख आहे!” (काजं करणारा हात आहे बाबा, वेडावाकडा जायचा नाही.)

ते गेल्यावर मुलगा फुरंगटून म्हणाला, “आई, मला विचारायचंस तरी.”

म्हटलं, “विचारलं असतं रे. पण तू हो म्हणाला असतास, तर ते पहिल्या दहांतलंच वाक्य झालं असतं.” तो उठला आणि कप विसळून ठेवला. (सुनेने दोनदा डोळे चोळले.)

तुझी धाकटी, आता घरमालकीण

ता. क. फीतवाल्याच्या मापाने सोफा असेल तर पाचच बायका मावतात. म्हणून तो तुझ्याकडे पाठवते आहे. तुझं दार रुंद आहे. विचारत नाही हं, ठेवून घ्यायची तुला परवानगी देते आहे.

आणखी एक. मुलाला यातलं अजून काही ठाऊक नाही. गाडी बुधवारी, तो कामावर गेल्यावर निघेल. बाई आणि फीतवाला फळा घेऊन गुरुवारी चार वाजता येतो म्हणालेत.