पाचवा नट

आप्पा, तुमच्या मोटारीच्या पुढच्या चाकाचा एक नट निघत नाही. चार निघाले. हा पाचवा सकाळपासून तसाच बसलाय. आता त्याच्या कडेनं रॉकेल सोडलंय आणि ते मुरेपर्यंत पायरीवर बसून तुम्हाला लिहिते आहे, कारण या घडीला दुसऱ्या कुणाशी बोलले तर भांडणच होईल. तुमच्या जावयांशी तर नकोच. ते छत्री धरून शेजारी उभे होते आणि "जरा अंदाज घे, अंदाज घे" म्हणत होते. मी म्हटलं, "अंदाज झाला असेल तर तुम्हीच ओढा." त्यांनी ओढलं, पाना सटकला आणि बोटांची सालटी निघाली. जन्मभर खडू धरलेला हात तो. आता आत हळद लावून बसलेत.

उद्या तुमच्या नातीला निपाणीहून आणायचं आहे. पहिलटकरीण आहे, आणि परवा तिला आठवा लागतो. आठव्यात गरोदर पोरीला वेशीबाहेर काढत नाहीत, हे मी तुम्हाला काय सांगायचं. विहीणबाईंचा निरोप सरळ आहे, "उद्या न्या, न्हायतर बाळंतपण हितंच." माणसं वाईट नाहीत हो. पण त्यांच्या भिंतीला लागून तंबाखूची वखार आहे, आणि पोरीला बोलता बोलता ठसका लागतो. मागच्या खेपेला मी गेले तेव्हा ती दोन्ही हातांनी पोट धरून खोकत होती. ते पाहिल्यापासून मला अन्न गोड लागत नाही. सर्विस मोटारीनं आणावं, तर लढाई लागल्यापासून त्या कोळशाच्या गॅसवर चालतात. वंटमुरीच्या चढाला धापा टाकतात, मग माणसं उतरून ढकलतात. त्या गर्दीत तिला कशी बसवू? पेट्रोलची कुपनं महिनाभर जपून ठेवली. मिस्त्रीकडे गेले, तर तो लष्कराच्या कारखान्यात कामाला लागलेला. गाडी आहे, पेट्रोल आहे, चालवायला मी आहे, आणि पुढचं चाक पार बसलेलं. मागं स्टेपनी चांगली आहे. हे चाक काढायचं आणि ती बसवायची, एवढंच. या 'एवढंच'वर माझी अर्धी सकाळ गेली.

तुम्ही असता तर आधी माझ्यावर ओरडला असता. कारण आज घाईत मी पहिल्यांदा जॅक लावला, चाक वर उचललं आणि मग पाना घातला. चाक पान्यासकट गरागरा फिरलं आणि मला तो येळ्ळूरचा रस्ता आठवला. मी माहेरपणाला आले आहे, ही पोर तान्ही, मागच्या सीटवर दुपट्यात झोपली आहे, आणि तुम्ही भाड्याची खेप सोडून मला चाक काढायला शिकवताय. मुलगा नाही म्हणून शिकवताय, असं शेजारी म्हणतात. मी तिथंही आधी जॅकच लावते. तुम्ही धोतर सावरत खाली बसता आणि म्हणता, "जमिनीवर हाय तवर ढिला करायचा गं. अधांतरी माणसाचंबी काय सुटत न्हाय, तितं चाकाचं काय सुटंल?" मला लई राग आला होता तेव्हा. आज जॅक उतरवताना तोच राग परत आला, फक्त तो कुणावर काढायचा ते कळेना.

मग पान्याचा दांडा लांब करायला नळी हवी म्हणून चुलीपुढची लोखंडी फुंकणी आणली. ती दांड्यावर बरोबर बसली. मी दोन्ही पायांनी तिच्यावर उभी राहिले. चार नट कुरकुरत सुटले, आणि पाचव्याला फुंकणीच वाकली. आई उंबऱ्यातून ओरडली, "अगं माझी फुंकणी! आता चूल काय तुझ्या नवऱ्याच्या छत्रीनं फुंकू व्हय?" मला हसू यायला हवं होतं. मी पाना अंगणात फेकून दिला.

आप्पा, तो का निघत नाही ते मला ठाऊक आहे. खंडेनवमीला तुम्ही गाडी पुजायचा. चाकापुढं नारळ फोडून त्याचं पाणी चाकावर शिंपडायचं, प्रत्येक नटाला हळदकुंकू लावायचं, पहिलं आणि सगळ्यात जाड बोट याच नटाला. आणि दसरा झाला की दुसऱ्या दिवशी रॉकेलच्या फडक्यानं सगळं पुसून तेल लावायचं. आई चिडायची, "देवाचं कुंकू पुसताय?" तुम्ही म्हणायचा, "देवाला गंज आवडतोय व्हय?" तुम्ही गेल्यावर पहिल्या खंडेनवमीला आई दारातच उभी राहिली. ती कुंकवाला हात लावणार नव्हती, म्हणून नटांना मी लावलं. दुसऱ्या दिवशी मी फडकं घेतलं तेव्हा ती म्हणाली, "माझं पुसलं तेवढं बास झालं. गाडीचं ऱ्हाऊ दे." त्यानंतर मी कधी पुसलं नाही. दर दसऱ्याला कुंकवावर कुंकू, नारळाचं पाणी, आणि वर पावसाळे. बाकीच्या नटांवरचं ओघळून गेलं, याच्यावर मात्र साल धरली. ती खरवडली तर पाना नीट बसेल, हे मला सकाळपासून कळतंय. पण आई समोर उंबऱ्यात बसली आहे.

इथवर लिहिलं आणि आई उठून आली. म्हणाली, "पोरीचा ठसका गेला न्हाय अजून?"

"नाही."

तिनं माझ्याजवळचं फडकं घेतलं, रॉकेलच्या वाटीत बुडवलं आणि चाकापुढं बसली. मी म्हटलं, "आई, तू नको." ती नखानं साल काढत राहिली. "हे पुसायचे तवा मी किती बोलायची त्यास्नी. देव कोपंल म्हणायची."

"मग?"

"कुठं कोपला? रोज घाट चढून घरला यायचे की." मग नट उघडा पडला. कडा झिजलेल्या, पण होत्या. "ओढ आता. आन् माझ्या फुंकणीला हात लावशील तर बघ."

मी नुसता पाना घातला आणि पाय दिला. तो आधी किंचाळला, मग सुटला. इतका वाईट आवाज इतका बरा मला कधी वाटला नव्हता.

स्टेपनी बसली. नटांना ग्रीस लावलंय, तुमच्यासारखं एकाआड एक आवळलेत. उजाडताच निघते. हा कागद कुठं पाठवायचा, म्हणून जॅकच्या पेटीत ठेवतेय. एक तेवढं सांगते, आईला सांगू नका. ती न्हाणीत हात धुवायला गेली तेव्हा तिची बोटं कुंकवानं लाल झाली होती. "साबण कुठं ठेवलास गं?" म्हणून तिनं तीनदा विचारलं. तो माझ्या पदराखाली, पायरीवरच होता. मी सांगितलं नाही.