माणिकबाईचा टाक

मी दुर्गाबाई वामनराव दहीहांडेकर, वय ८१, राहणार अमरावती, शिक्षण चौथी, हे मृत्युपत्र स्वतःच्या हातानं लिहिते. डोकं ठिकाणावर आहे. शंका असेल त्यानं समोर येऊन विचारावं.

१. राहतं घर, अमरावतीची व अकोल्याची पेढी नातू अमोल याला, पण कलम तीन पाळलं तरच.

२. पेढीच्या इतिहासाचं गुळगुळीत कागदाचं पुस्तक अमोल छापून राहिला. त्यात आहे, आजोबांनी कसबावर पेढी उभारली. खोटं आहे. यांची पहिली बायको माणिकबाई बाळंतपणात गेली. तिच्या माहेरचं अठरा तोळे सोनं आटवून पेढी निघाली. हे पहिल्या पानावर छापावं. माझा फोटो काढून टाकावा, त्यात मी आत्ताच मेल्यासारखी दिसते.

मी दुसरेपणावर आले. सासूनं माणिकबाईचा टाक, तिच्या नावानं घडवलेली सोन्याची छोटी प्रतिमा, माझ्या गळ्यात बांधला. आमच्यात मेलेल्या पहिलीला असं गळ्यात वागवतात. नवं लुगडं आधी तिला दाखवायचं, मग नेसायचं.

पेढीच्या पहिल्या गोफाला सोनं कमी पडलं. हे म्हणाले, "टाक दे. मेलेल्या बाईले काय समजते?" मीच काढून मुशीत टाकला. खरं लिहिते, मला ती गळ्यात जड झाली होती. मग पितळी टाक घातला. सासूला शेवटपर्यंत कळलं नाही.

तो गोफ तीन घरांतून परत आला. तिसऱ्या घरची बाई शेंदूरजनाघाटची, संत्र्याच्या बागेवाली. म्हणाली, "बाई, हा घातला का मानीमांगं कोनी श्वास घेऊन रायते." मी तिला चहा दिला. नवल वाटलं नाही. नवं लुगडं नेसलं की माझ्याही मानेला तो श्वास लागतो.

३. अकोल्याच्या पेढीत काचेच्या कपाटात "आमचा पहिला दागिना" म्हणून ठेवलेला तो गोफ अमोलनं स्वतः आटवावा, कारागिराला देऊ नये. त्यातून माणिकबाईचा टाक घडवावा. उरलेलं सोनं तिची भाची ललिता हिला द्यावं. टाक बांधूनच मला न्यावं. कपाटातलं कोरं लुगडं आधी तिला दाखवावं, मग मला नेसवावं. आपल्या घरात सोन्याच्या कणासाठी भट्टीची राखसुद्धा चाळतात. माझी चाळू नये.

हे न केल्यास दोन्ही पेढ्या ललिताच्या.

४. गळ्यातला पितळी टाक अमोलला. पुस्तकाच्या कव्हरावर छापायला बरा आहे.

ठिकाण अमरावती, दि. १४ नोव्हेंबर २०२४
सही: दुर्गाबाई

साक्षीदार:
१. खुशालराव पोटे, शेजारी
२. डॉ. प्रतीक्षा इंगळे

तिसरी माझ्या मागं बसून आहे. तिला सही येत नाही.