कोपऱ्यात चिणलेली अक्षरं

प्रिय मान्सा,

वीस मिनिटांच्या वाटेवर राहणारा भाऊ पत्र का पाठवतोय, म्हणून तू आधी पाकीट उलटंसुलटं करून बघशील. घाबरू नकोस, कुणी गेलेलं नाही. माझा गुडघाही होता तसाच आहे. जे लिहितोय ते तोंडानं सांगायला मी तीनदा तुझ्या दारापर्यंत आलो, आणि तिन्ही वेळा तुझ्या हातचा भात आणि तळलेले मासे खाऊन परत गेलो. शेवटी म्हटलं, कागदच बरा. काय असेल ते लेखी द्या, असं नगरपालिकेत एकतीस वर्षं लोकांना सांगत आलो, आता माझ्यावर पाळी आली. शनिवारी तुझ्या वरच्या मजल्याचा स्लॅब ओतायचा आहे. त्याआधी हे तुझ्या हातात पडायला हवं.

तुला मिशनच्या शाळेतली माझी पाटी आठवते का? अक्षर मोठं आणि पाटी लहान. 'एबेनेझर क्वान्सा' लिहायला लागलो की सुरुवात राजासारखी व्हायची आणि शेवटची अक्षरं लाकडी चौकटीला चिकटून बसायची. तू चिमुरडी शेजारून वाकून बघायचीस आणि म्हणायचीस की दादाची शेवटची अक्षरं ट्रोट्रो गाडीत कोंबलेल्या माणसांसारखी दिसतात. सगळा वर्ग हसायचा. ती खोड माझी कधी गेली नाही. बांधकाम तपासनीस झालो, हातात तांबड्या रंगाचा डबा आला, तरी भिंतीवर 'काम थांबवा, परवाना दाखवा' लिहिताना शेवटचा शब्द कोपऱ्यात चिणला जायचा. आमच्या ऑफिसात त्यावरून फार चेष्टा व्हायची.

आपल्याकडे ती अक्षरं बघून काम कोण थांबवतं म्हणा. लोक त्यांच्यावरून दोरी बांधून कपडे वाळत घालतात, त्याच भिंतीआड पोरं जन्मतात, म्हातारे मरतात, आणि 'काम थांबवा' तिथंच असतं. पण माझ्या डब्याला लोक जरा वचकून असत. चर्चच्या वादक मास्तरला मी पायाची चर तीनदा खणायला लावली होती. लोक मला 'तांबडा क्वान्सा' म्हणायचे आणि तू ते नाव अभिमानानं सांगायचीस. आता ते आठवलं की कानशिलं तापतात.

तुझ्या घरमालकिणीनं शिलाईची मशीनं रस्त्यावर काढून ठेवली, तेव्हा तू खाडीकाठची ती जागा घेतलीस. लहानपणी आपण खेकडे धरायचो तिथंच. तुझी फाईल मी स्वतः एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर नेली. परवाना दोन मजल्यांचा घेतला, खालचा आता आणि वरचा पुढे कधीतरी. खांबांचे गज छपरातून वर काढून ठेवले आणि पावसानं गंजू नयेत म्हणून तू त्यांच्यावर दुधाचे रिकामे डबे पालथे घातलेस. अकरा वर्षं ते डबे वाऱ्यावर वाजतायत. वरती मुलींचा शिवणवर्ग काढायचा, हे तू त्या डब्यांकडे बघतच ठरवलंस.

आता मूळ गोष्ट. नियम असा आहे की चर खणून झाली, गज बांधून झाले, की तपासनिसानं जाऊन खोली मोजायची, खालची माती बघायची आणि मग सही करायची. सही झाल्यावरच काँक्रीट. आणि घर रक्ताच्या नात्यातलं असेल तर त्यानं सही करायचीच नाही, दुसऱ्याला पाठवायचं. मी दुसऱ्याला पाठवलं नाही आणि स्वतःही गेलो नाही. शुक्रवार होता. मी खानावळीत पामतेलाच्या रश्शात फुफूचे गोळे बुडवून खात बसलो होतो. आट्टा नावाचा तुझा गवंडी फॉर्म घेऊन तिथंच आला आणि म्हणाला, "साहेब, बहिणीचाच पाया, त्यात बघायचं काय?" टेबलावरचे सगळे हसले. मलाही ते 'साहेब' बरं वाटलं. डाव्या हातानं सही करणं वाईट दिसेल म्हणून उजवा हात कसाबसा पुसला आणि सही ठोकली. पामतेलाचा नारिंगी अंगठा त्या फॉर्मवर अजून आहे. मी परवा जाऊन बघून आलो.

एवढंच असतं तर आळस म्हणून माफ करून घेतलं असतं. पण त्या संध्याकाळी तू विचारलंस, दादा, पाया बघितलास ना? काँक्रीट दुसऱ्या दिवशी दुपारी पडणार होतं. 'नाही, सकाळी येतो' म्हटलं असतं तरी सगळं निभावलं असतं. मी म्हणालो, "माझ्या डोळ्यांनी बघितलाय. दोन मजले पेलेल." ते वाक्य तू अकरा वर्षं जपलंस. चर्चमध्ये सांगितलंस, गिऱ्हाइकांना सांगितलंस, माझ्यासमोर माझ्याच बायकोला सांगितलंस. प्रत्येक वेळी मी मान डोलावली.

गेल्या महिन्यात शौचखड्डा खणताना स्वयंपाकघराच्या बाहेरच्या कोपऱ्याशी पाया उघडा पडला. खणणारे जेवायला गेले होते, मी एकटाच तिथं उभा होतो. पाया माझ्या गुडघ्याएवढाही खोल नाही, मान्सा. खाली काळा चिखल, आणि चिखलात खेकड्याचं बीळ. मी काय केलं असेल? बुटानं माती परत आत लोटली. तू ओसरीवरून विचारलंस काय सापडलं, मी म्हटलं खेकडा, आणि तू केवढी हसलीस. खालचा मजला त्या पायानं कसाबसा धरलाय, भिंतीला फक्त केसाएवढी चीर आहे, तीही तू कॅलेंडर लावून झाकलीस. पण वरचा स्लॅब, बारा मशीनं आणि चौदा मुली त्याला झेपायच्या नाहीत. ऑफिसनं वरच्या मजल्याचं काम सुरू करायला होकार दिला तो फाईलमधली माझी सही बघून. क्वान्सासाहेबांनी पाहिलंय म्हटल्यावर पुन्हा कोण खणून बघतंय?

रविवारी तू चर्चमधून आलीस तर रस्त्याकडच्या भिंतीवर तांबडी अक्षरं. तू फोनवर केवढी तणतणलीस. परवाना पक्का, शिक्के पक्के, मग कुणाची ही हिंमत? ऑफिसला विचारलंस, ते म्हणाले आमचा माणूस रविवारी कामच करत नाही. मग तूच ठरवलंस की शेजारच्या, मक्याचे केंके विकणाऱ्या एकुआचं काम. त्या दिवशी ती एकटीच घरी होती, आणि तिला तुझा मजला बघवत नाही. तू तिच्याशी बोलणं टाकलंस, तिच्याकडून केंके घेऊ नका असं मुलींना सांगितलंस. भिंतीवर मारायला चुना आणलास. आणि मला म्हणालीस, दादा, तू एवढी वर्षं त्या खात्यात होतास, मला तो माणूस शोधून दे.

शोधून देतो. एकुआनं तो माणूस बघितलाय. ती केंके गुंडाळायची पानं धूत होती, चर्चमधून ढोलाचा आवाज येत होता, आणि दुखऱ्या गुडघ्याचं निमित्त करून प्रार्थना चुकवलेला तुझा भाऊ जुना डबा घेऊन तुझ्या भिंतीसमोर उभा होता. तिनं मला नमस्कार केला. तू तिला नाही नाही ते बोललीस तरी तिनं माझं नाव घेतलं नाही. मला वाटलं होतं, तुला खरं सांगावं न लागता काम थांबेल. सगळी जन्मभराची नोकरी ती अक्षरं कुणी मानत नाही हे बघण्यात गेली, तरी मला तसं वाटलं. शनिवारी तुझी माणसं यायच्या आधी मी फावडं घेऊन येईन आणि सगळ्यांसमोर तो कोपरा उघडून दाखवीन. नंतर त्या फाईलवर काय लिहायचं ते ऑफिसात जाऊन मीच लिहीन. तू एकुआकडे आधी जा. आणि चुना मारण्यापूर्वी ती भिंत एकदा नीट बघ. 'काम' केवढं मोठं आहे आणि 'दाखवा' कोपऱ्यात कसं चिणलंय. शाळेत असतीस तर लांबूनच ओळखलं असतंस.

तुझाच,
एबो दादा