मडक्यांचे चार मीटर

गुरुवार, १ फेब्रुवारी

टेप घेऊन आली! माझ्या मडक्यांपुढे वाकून टेप लावत बसली, जशी काही माझ्या शवपेटीचं माप घेतेय. नगरपालिकेची नवी खजिनदारीण, मारिक्रूस. पुएब्ला शहरात शिकून आलीय. दात पांढरे, बूटही पांढरे.

म्हणते, "दोन्या दोमितिला, आजपासून बाजारात सगळ्यांना एकच नियम. दर बाजाराला मीटरमागे वीस पेसो. तुमचे चार मीटर. ऐंशी झाले."

ऐंशी! आजवर पस्तीस देत होते, आणि तेही कण्हत.

मी म्हटलं, "बाई, मडकं फुगीर असतं. मी सांगितलं म्हणून ते पोट आत घेत नाही."

"नियम सगळ्यांना सारखा, आजी. त्यालाच न्याय म्हणतात."

शेजारी उलिसेस. मोबाइलची कव्हरं, चार्जर, गॉगल. अख्खं दुकान एका फळीवर. त्याला वीस! एका गॉगलमागे त्याला जेवढं सुटतं तेवढं मला तीन कढया विकून सुटत नाही. सगळे घोडे बारा टक्के म्हणतात ते हेच.

वर तोच मला म्हणतो, "आजी, झेपत नसेल तर दोन मीटर मला सोडा ना. मी घड्याळं मांडीन."

म्हटलं, "मी मेले की ये. येताना मेणबत्ती आण, टेप नको."

हसले सगळे. पण घरी येताना मनात तेच. मंदीच्या दिवशी ऐंशी गेले तर टेम्पोचं भाडंही सुटायचं नाही. आणि दोन मीटर सोडले तर लग्नातल्या मोठ्या कढया मांडू कुठे? डोक्यावर?

शुक्रवार, २ फेब्रुवारी

कांदेलारियाच्या सणाचे मक्याचे तामाल त्रान्सितो पाववालीकडे. जानेवारीतल्या तीन राजांच्या सणाच्या पावातली बाहुली यंदा तिच्याच तुकड्यात निघाली, म्हणजे आजच्या तामालचा खर्च तिचा. पाव भाजला तिनेच, बाहुली घातली तिनेच, आणि सापडली तिलाच! मी तीन तामाल जास्त खाल्ले.

करावरून सगळ्यांत मोठ्ठ्याने तीच ओरडत होती. "आपण गरिबांनी जगायचं की नाही?"

मी म्हटलं, "तुझ्या दोन टोपल्या. तुला वीसच बसतात."

"प्रश्न विसाचा नाही, कोमाद्रे. तत्त्वाचा आहे!"

तत्त्व म्हणे. पण बाई आपली आहे. माझ्या लेकीच्या, ओबदुलियाच्या, बाप्तिस्म्याला धर्ममाता म्हणून पोरीला कडेवर तिनेच घेतलं होतं, म्हणून आम्ही कोमाद्रे. माझा नवरा गेला तेव्हा महिनाभर पाव आणून दिला, एकदाही पैशाचं नाव काढलं नाही.

बुधवार, ७ फेब्रुवारी

सुचलं! टेप फक्त समोरून लागतो.

गुरुवार, ८ फेब्रुवारी

दुकान आडवं होतं ते उभं केलं. तोंडाशी एक मीटर, मागे थेट चर्चच्या भिंतीपर्यंत. मारिक्रूस आली, टेप लावला, पुन्हा लावला.

"आजी, हे..."

"वीस पेसो ना, बाळ? नियम सगळ्यांना सारखा."

तिचे कान लाल झाले. उलिसेसने टाळ्या वाजवल्या, मेला.

आता खरं लिहिते. मागची मडकी कोणाला दिसेनात. ओबदुलिया भिंतीपाशी उभी राहून आरोळ्या मारत होती, विहिरीत पडल्यासारखी. दिवसभरात गेलं काय, तर एक झाकण.

गुरुवार, १५ फेब्रुवारी

सगळ्यांनीच दुकानं उभी केली! चपलावाला, कापडवाला, शेंगावाली. बाजार कसला, रेल्वेचे डबे लावून ठेवलेत. गिऱ्हाइकं तिरकी चालतात. डॉक्टरची जाडी बायको घेवडा आणि परकर यांच्यामध्ये अडकली. पुढून दोघांनी ओढलं, मागून कोणी ढकलायला तयार होईना.

मारिक्रूस आज सकाळी सातलाच हजर. आता सात ही काय मागायची वेळ आहे? पहिली विक्री होते, तो पैसा कपाळाला लावून आपण क्रूस करतो, मग दुसऱ्याला पैसा देतो. बोहनीआधी हातचा पैसा गेला की दिवस गेला. पोर इथलीच, तिला हे ठाऊक नाही? पुएब्लात विसरली असेल.

मी म्हटलं, "अजून बोहनी नाही झाली."

मग सगळ्यांनाच ते सापडलं. "माझीही नाही!" "माझीही नाही!" उलिसेस एका हाताने सुटे पैसे परत देतोय आणि तोंडाने म्हणतोय, बोहनी नाही.

नऊला ती पुन्हा फिरली. त्रान्सितोच्या टोपल्यांत नुसता चुरा.

"बोहनी?"

"कुठली, बाई!"

"मग पाव कुठे गेले?"

"चिमण्यांनी नेले."

बाजार फुटला हसून. मीही डोळे पुसेपर्यंत हसले.

माझी बोहनी झाली एक वाजता. खरीखुरी. तोवर मारिक्रूस माझ्यापुढून दोनदा गेली. दुसऱ्यांदा मी म्हटलं, "अजून नाही गं." थांबली नाही. जाता जाता म्हणाली, "हो, तुमचीही चिमण्यांनीच नेली असेल."

ते लागलं मला. अजून लागतंय.

सोमवार, १९ फेब्रुवारी

नगरपालिकेच्या दारावर कागद. गुरुवारी बाजार उठल्यावर सभा. ज्याचा कर बाकी, त्याची जागा दुसऱ्याला. आणि दुकानं पुन्हा आडवी करायची. जाड्या बायकोच्या डॉक्टरने तक्रार केली म्हणे.

म्हणजे माझे चार मीटर चारच. ऐंशी नाहीतर अर्धी जागा. उलिसेसने अर्ज टाकलाय असं ओबदुलिया सांगते.

मक्याची उरलेली सगळी पिठी आज आतोलेच्या पेजेत ढवळली. गाठी झाल्या. तशीच प्याले.

गुरुवार, २२ फेब्रुवारी

सभा झाली. चौकात तासभर आरडाओरडा. त्रान्सितोने तर खुर्चीवर उभं राहून शिव्या घातल्या. शेवटी मारिक्रूस टेबलावर हात आपटून म्हणाली, "मग तुम्हीच सांगा न्याय काय ते! विक्रीवर कर लावू? सांगा आपापली विक्री!"

उलिसेस म्हणाला, "आम्ही तर उपाशी मरतोय, मॅडम." गळ्यात सोन्याची साखळी.

मग मी उठले. गुडघा कडकन वाजला, सगळ्यांनी ऐकलं.

म्हटलं, "मडक्याचा घेर मोजून आत मोलेचा रस्सा किती आहे ते कळत नाही. झाकण काढून बघावं लागतं. सातला येऊ नकोस, दोनला ये. ज्याचा माल तसाच पडलाय त्याच्याकडून थोडं घे. ज्याची फळी रिकामी झालीय त्याच्याकडून जास्त घे. टेप घरी ठेव."

टाळ्या. मी बसणार, तेवढ्यात पोरगी म्हणते, "आणि ते बघायचं कोणी, आजी? मी अंदाजाने लिहिलं तर उद्या म्हणाल, हिने लाच खाल्ली. आधीचा वेन्सेस्लाओ अंदाजानेच घ्यायचा ना? कोंबडी देणाऱ्याला कमी, न देणाऱ्याला जास्त. म्हणून तर मी टेप आणला."

खरं आहे. वेन्सेस्लाओने या बाजाराच्या इतक्या कोंबड्या खाल्ल्या की चालताना कुकुचकू व्हायचं. पोरीला अक्कल आहे. बूट मात्र मळलेत, धुऊन ठेवावेत.

मग तीच म्हणाली, "गावाला लागतात तेवढे पैसे लागतातच. कचरा उचलायचा, नळ चालवायचा. कुणाला कमी केलं की दुसऱ्याला वाढणार. तुमच्यातलाच एक माणूस द्या. तो तीन भाग पाडेल – थोडं, मध्यम, जास्त. मी त्यावर शिक्का मारेन. वर्षभर बदल नाही."

सगळे एकमेकांकडे बघायला लागले. पहिला हात वर गेला तो त्रान्सितोचा.

"माझी कोमाद्रे! तिच्याइतकी सरळ बाई बाजारात दुसरी नाही."

आणि सगळ्यांनी हात वर केले. उलिसेसनेही! त्याला वाटलं असेल, म्हातारी माझा गल्ला दोन दिवसांत विसरेल.

रविवार, २५ फेब्रुवारी

कालपासून घरात दोन पपया, एक गॉगल आणि जिवंत कोंबडी आली. कोंबडीसकट सगळं परत पाठवलं. गॉगल ओबदुलियाला शोभत होता, तरी परत.

रात्री मनात बाजार फिरून आले, एकेका दुकानापुढे थांबून. लग्नांचे चार महिने माझं बरं चालतं, म्हणून स्वतःला मध्यम लिहिलं. थोडं लिहायला हात शिवशिवत होता. जागा मात्र चारही मीटर राहते.

सोमवार, २६ फेब्रुवारी

सकाळी नगरपालिकेच्या दारावर यादी लागली. उलिसेस – जास्त. त्रान्सितो – जास्त. तिच्या टोपल्या नऊला रिकाम्या होतात हे माझ्याहून जास्त कोणाला माहीत?

गल्लीत येताना दिसतेय. अंगात एप्रन तसाच, कोपरापर्यंत पीठ. दार ओबदुलियाने उघडायचं. धर्ममाता तिची आहे, उत्तर तिनेच द्यायचं.