सलीमभाईच्या होडीची डोलकाठी

१२ नोव्हें.
होडी ओढून खाडीकाठच्या शेडमध्ये घेतली. मी आणि हिरू मिस्त्री. डोलकाठी मधोमध मोडलेली, वरचा तुकडा दोरांवर लोंबकळतोय. मोठा भाऊ सलीम हीच होडी घेऊन एकटा निघाला, त्याला आज सोळा दिवस. चौथ्या दिवशी होडी उलव्याकडच्या तिवरांच्या झाडीत सापडली. आत फक्त त्याच्या चपला. शोध आता थांबवलाय.
भाबी म्हणाली, "युनूसभाई, काठी नीट करून ठेवा. ते आले तर काय म्हणतील?"
करतो म्हणालो. दुसरं काय म्हणणार.

१४ नोव्हें.
मिस्त्री कोळीवाड्यातला, चाळीस वर्षं होड्याच बांधतोय. बोलका माणूस. आज काठीवरून फिरणारं त्याचं बोट एका जागी थांबलं. मोडलेल्या जागेच्या जरा खाली चार चर, काठीभोवती गोल. नखाएवढे खोल.
"दोरानं घासलंय. कुनाला बांधलं व्हतं काय हितं?"
जुने असतील, मी.
"जुनं कसं? वार्निश कापून आत गेलंय."
खरंय. वार्निश भाईनं दसऱ्याला दिलं, डबा मीच धरला होता. काठी तेव्हा गुळगुळीत.
"येवढं घासाया अख्खा हंगाम लागतो, भाई."
होडी बाहेर होती चार दिवस.
भाबीला सांगितलं नाही.

१७ नोव्हें.
मोडलेली टोकं तिरकी कापली, मधे नवा साग घातला. गोंद लावून शिकंज्यांनी आवळून ठेवलं. शेडमध्ये वाऱ्याचा पत्ता नाही, तरी दुपारी दोर ताणल्यासारखा आवाज. दोनदा. मिस्त्रीनंही ऐकला. तो चहा प्यायला बाहेर गेला आणि बाहेरच बसला.

१९ नोव्हें.
शिकंजे काढले आणि सांधा सुटला. जुन्या लाकडातून पाणी येतंय. चाटून बघितलं. खारं.
मिस्त्री, "लाकूड इतके दिस पानी सोडत नाय. आमी तरी बगितलं नाय."
काठी उन्हात काढली.

२७ नोव्हें.
आठ दिवस कडक ऊन. काठी सुकली, निदान हाताला तरी. पुन्हा जोडली. या वेळी धरलंय.
मिस्त्री चरांवर रंधा मारायला निघाला, मी त्याचा हात धरला. का, सांगता येणार नाही. भाईनं मागे ठेवलेलं तेवढंच आहे म्हणून असेल.

३० नोव्हें.
काठी उभी केली. भाबी बघायला आली. आता लपवणार काय? चर तिला लगेच दिसले. सगळं सांगितलं.
तिनं हात वर केला. चरांपर्यंत पोचला नाही. मी फळीवर चढून केला, माझाही नाही. आडवी असताना हे लक्षातच आलं नव्हतं. भाई माझ्याएवढाच. म्हणजे तो वर चढला, तिथे स्वतःला बांधून घेतलं, आणि
मिस्त्री हळूच म्हणाला, "वर चढला कशापायी? खाली काय व्हतं?"
तिघंही होडीच्या बाहेर उतरलो, घाईघाईनं, एकमेकांकडे न बघता.

१ डिसें.
चौकीत जाऊन फोटो दाखवले. लिहून घेतलं. साहेब म्हणाले, लाटांमुळे होतं असं कधी कधी.

३ डिसें.
होडी पाण्यात. काठी सरळ, सांधा पक्का. मिस्त्रीनं हत्यारं गोळा केली, होडीत पाय ठेवायला नको म्हणाला. त्याचा राग नाही आला.
भाबी म्हणते, जिथे सापडली तिथपर्यंत जाऊन येऊ. नको म्हटलं, तर म्हणाली, "मग मी एकटी जाते." जाईलसुद्धा. उद्या सकाळच्या ओहोटीला निघतोय.
शिडाची घडी घालत होतो. ती समोर बसून काठीकडे बघत होती. मग विचारलं,
"युनूसभाई, वेळ आली तर तुम्हाला वर चढता येईल?"
येईल म्हणालो.
तिला येईल का, ते विचारायचं राहिलं. म्हणजे, विचारलं नाही.