दोघांची होडी

१० सप्टेंबर

आईने आज लिपस्टिक लावली. सदुसष्टाव्या वर्षी! आरशासमोर उभी राहून लावली, पुसली, परत लावली, परत पुसली. मी दारातूनच बघितलं आणि आल्या पावली मागे फिरले.

कारण ठाऊक आहे मला. शिडवाले.

हे नाव माझं. चष्म्याच्या दुकानात दिवसभर उभं राहायचं म्हणजे काहीतरी करमणूक हवी, म्हणून मी गिऱ्हाइकांना मनातल्या मनात नावं ठेवते. हे गृहस्थ निवृत्त मोजणीदार. जन्मभर लोकांच्या जमिनी मोजल्या, आता तलावावर स्वतःची छोटी शिडाची होडी बाळगून आहेत. जुलैत चष्म्याची काडी मोडली म्हणून आले होते. नेमकी आई माझा विसरलेला डबा घेऊन आलेली. काडी बसवणं ते काय काम! पण गप्पा शटर ओढेपर्यंत चालल्या. तेव्हापासून त्यांचा चष्मा आठवड्याला सैल होतो.

मेतकूट जमलंय. मला आनंद व्हायला हवा.

१३ सप्टेंबर

शिडवाले आज परत आले. आईला ते ‘सिस्टर’ म्हणतात. तसं अर्धं गाव म्हणतं, जन्म गेला तिचा हॉस्पिटलच्या वॉर्डात. पण हे जरा खालच्या आवाजात म्हणतात. आणि आई लाजते!

माणूस सभ्य आहे. दार उघडून धरतो, खुर्ची पुढे करतो. एकच गोष्ट खटकली. नवी फ्रेम डोळ्यांवर चढवली की माणसं आरशात स्वतःकडे बघतात — सगळी, अगदी राकट माणसंसुद्धा. हे आरशातून मागे बघत होते. मागे कोण उभं आहे ते.

मागे आई उभी होती. पर्समध्ये रुमाल शोधत.

उगाच काहीतरी लिहितेय मी.

१७ सप्टेंबर

भांडी पुसता पुसता आई म्हणाली, “त्यांची बायको पाण्यात गेली गं.”

वारली म्हणावं तितक्या साधेपणाने.

“कुठल्या पाण्यात?”

“तलावातच. होडीतून पडली.”

“ह्याच होडीतून? आणि ती होडी अजून ठेवलीय त्यांनी?”

“मग काय जाळायची? तुझ्या बाबांची खुर्ची आपण टाकली का?”

बाबा खुर्चीतून पडून गेले नव्हते, असं ओठांवर आलं होतं. गिळलं.

२१ सप्टेंबर

बोलावणं आलं! शनिवारी संध्याकाळी होडीतून चक्कर. सूर्यास्त बघायचा आणि परत. फक्त दोघं. आईने रबरी तळव्यांचे पांढरे बूट आणलेत. घरभर घालून फिरतेय — “होडीत घसरायला नको ना.”

२३ सप्टेंबर

आज दुपारी दुकानात एक बाई आल्या. चाळिशीचा चष्मा हवा म्हणाल्या, पण डोळे तपासायला बसल्या आणि पाटीवरची अक्षरं वाचेनातच.

“शिडाच्या होडीवाल्यांबरोबर फिरतात, त्या तुमच्या आई ना?”

मी म्हटलं, हो.

“मी त्यांच्या बायकोची धाकटी बहीण.”

मी बाहेर ‘बंद’ची पाटी फिरवली आणि स्टूल ओढून बसले. मेहुणीबाई रडल्या नाहीत. पाठ केल्यासारखं बोलल्या, कितीदा तरी सांगून झालं असावं. त्यांची बहीण पोहायची — शाळेत असताना बक्षिसं आणायची. पडली तेव्हा वादळ नव्हतं, काही नव्हतं. हे होडी घेऊन परत आले, धक्क्याला नीट बांधली, आणि मग चौकीवर गेले.

“नीट बांधली, ऐकताय ना? गाठ मारली. मी धावत गेले तर हे बाकावर बसलेले. अंगावरचे कपडे कोरडे! बायको बुडत होती आणि ह्यांची बाही भिजली नव्हती.”

“पोलीस काय म्हणाले?”

“अपघात. पोहणाऱ्यालाही थंड पाण्यात गोळे येतात म्हणाले. येत असतील. मी काय डॉक्टर आहे?” उठता उठता म्हणाल्या, “मी आरोप करत नाही हं. मला फक्त ती होडी बघवत नाही.”

चष्मा न घेताच गेल्या. त्यानंतरच्या गिऱ्हाइकाला मी डावी काच उजवीकडे बसवून दिली.

२४ सप्टेंबर

सांगितलं आईला. सगळं. कपड्यांचंसुद्धा.

ती बटाटे सोलत होती. सोलतच राहिली. “माणूस धसक्याने दगड होतो. मी बघितलेत असे नातेवाईक. बायको आत गेली आणि हा बाहेर बसून बुटाची नाडी बांधतोय.”

“तो वॉर्ड होता आई, हा तलाव आहे!”

“मरणाऱ्यांच्या उशाशी बसण्यात जन्म गेला माझा. माणूस कळतो मला.”

“मला नाही कळत, असंच ना?”

“तुझं तूच बघ. नवरा निवडलास तेव्हा कळला होता?”

संपलं. बटाटे तसेच पाण्यात पडून होते. आम्ही दोघी आपापल्या खोलीत पाव खाऊन झोपलो.

२६ सप्टेंबर

अबोला. मीठ हवं असेल तर हात लांब करून घ्यायचं, मागायचं नाही.

२७ सप्टेंबर, सकाळ

ठरलं. मीही जाणार. न बोलावता, आगंतुकासारखी. आई चिडली तर चिडू दे. चिडलेली आई परवडली.

२८ सप्टेंबर

लिहायला बसले आहे, पण पेन पुढे जात नाही. क्रमाने लिहिते.

मला धक्क्यावर बघून आईचा चेहरा उतरला. शिडवाल्यांचा नाही. “अरे वा! या ना. दाटीवाटी होईल, पण काय हरकत आहे?” होडी खरंच दोघांची. मागे एक बाक, पुढे निमुळत्या टोकाशी बूड टेकवण्यापुरती फळी, मध्ये शीड. लाइफ जॅकेटंही दोनच. एक आईने घातलं होतं. दुसरं त्यांनी स्वतःच्या अंगातलं काढलं आणि कोट धरावा तसं माझ्यासमोर धरलं.

“आणि तुम्ही?”

“मी पोहतो थोडंफार. तुम्ही घाला. पाहुण्या आहात.”

मी घातलं. त्यांच्या अंगाची ऊब होती त्यात अजून.

मला पुढे बसवलं. निघालो. किती सुंदर होतं ते! पाणी तांब्याच्या परातीसारखं, डोंगरांच्या कडा काळ्या पडत चाललेल्या, आणि आवाज काय तो लाकडाखालच्या पाण्याचा. मला वाटलं, मूर्ख आहे मी. मनातलं भूत घेऊन आलेय ह्या दोघांच्या मध्ये.

मग शीड माझ्या आणि त्यांच्या मध्ये आलं. दोघांचे चेहरे दिसेनात. कापडाखालून फक्त पाय दिसत होते — त्यांचे जुने तपकिरी बूट, आईचे नवे पांढरे. त्यांचा आवाज येत होता, एकसुरी, शब्द कळत नव्हते. बराच वेळ तेच बोलत होते. आईचा हुंकारसुद्धा नाही. सूर्य टेकला. मी बघते तर पांढरे बूट हळूहळू मागे सरकत होते. सरकत सरकत बाकाखाली गेले.

“आई, थंडी वाजतेय का?” मी विचारलं.

“नाही,” ती म्हणाली. तो आवाज मला अनोळखी वाटला.

“परत फिरू या का?” मी मोठ्याने म्हटलं.

“आता फिरूच,” शिडवाले म्हणाले. “वारा बदलतोय. सिस्टर, एवढं सुकाणू धरा बरं.”

ते दोरी सोडायला उठले. डोंगराच्या बाजूने झोत आला — थंड, एकाएकी, कुणी दार उघडावं तसा. शीड फाडकन दुसऱ्या बाजूला गेलं. खालचा आडवा दांडा फिरला. मला फक्त आवाज ऐकू आला. आधी लाकडाचा, मग पाण्याचा.

मी वळले तेव्हा ते पाण्यात होते आणि आम्ही पुढे. डोकं वर आलं, हात वर आला. मी ओरडले, “आई, वळव! वळव होडी!” आई दोन्ही हातांनी सुकाणू धरून बसली होती. होडी नाकासमोर पळत होती. तिला काय कळणार सुकाणूतलं! मी शिडाखालून रांगत मागे गेले, दांडा माझ्याही खांद्याला लागला. बंद सोडून जॅकेट काढलं आणि फेकलं, अंगात होता नव्हता तेवढा जोर लावून. कमी पडलं. वाऱ्याने भलतीकडेच नेलं.

ते ‘वाचवा’ म्हणत नव्हते. “सिस्टर,” म्हणत होते. “सिस्टर... सिस्टर...” वॉर्डातले पेशंट हाक मारतात ना, तसं.

मग अंधारात हाकच राहिली. मग तीही नाही.

कोळ्यांची इंजिनाची होडी आली, त्यांनी आम्हाला दोरीने ओढत आणलं. ते कोळी परत शोधायला गेले. आई धक्क्यावर उभी होती, पर्स हातात. पर्स सोडली नव्हती तिने!

२९ सप्टेंबर

सापडले. लव्हाळ्यात, पलीकडच्या काठाला.

३० सप्टेंबर

इन्स्पेक्टर घरी येऊन गेले. भले वाटले. “तुम्ही दोघी नवख्या. शीड अंगावर येतं तेव्हा भल्याभल्यांना सुचत नाही. जीव वाचला हेच नशीब समजा.” आईला त्यांनी फार त्रास दिला नाही. तिने मान हलवली, सही केली, त्यांना पाणी दिलं.

जॅकेटाबद्दल मीच सांगितलं. ते म्हणाले, “स्वतःला दोष देऊ नका.”

सांगायला काय जातं! ते जॅकेट शिडवाल्यांचं होतं. मी गेले नसते तर त्यांच्या अंगात असतं. मी ज्याला खुनी ठरवून पाळत ठेवायला गेले, त्याने मला स्वतःच्या अंगातलं काढून दिलं — आणि मी घेतलं. नको म्हटलं नाही. एकदाही नाही.

२ ऑक्टोबर

शेवटच्या निरोपाला माणसं बोटांवर मोजण्याइतकी. मेहुणीबाई आल्या होत्या, भिंतीला टेकून उभ्या. सगळं आटोपल्यावर आईजवळ आल्या आणि एवढंच विचारलं, “जायच्या आधी काही बोलला का तो?”

आई म्हणाली, “नाही.”

मेहुणीबाईंनी तिच्याकडे बराच वेळ पाहिलं. मग तिचा हात हातात घेतला, दाबला आणि गेल्या.

४ ऑक्टोबर

दुकान उघडलं. कुणी फ्रेम घालून आरशात बघितलं की मी नजर वळवते. घरी आई पूर्वीसारखीच — जेवते, झोपते, फरशी पुसते. मीच घास घेत नाही. आज तिने ताटात वाढून दिलं, समोर बसली. “खा. तुझं काही चुकलेलं नाही.”

“तू असं म्हणणारच. आई आहेस.”

ती माझ्या ताटाकडे बघत राहिली. काहीतरी सांगायचं असलं की ती पदराचं टोक बोटाला गुंडाळते. गुंडाळत होती.

५ ऑक्टोबर

ताप. दुकानात गेले नाही. झोपेत मी ‘जॅकेट, जॅकेट’ म्हणत होते म्हणे. आई उशाशी बसून होती. ओल्या फडक्याने कपाळ पुसत होती.

९ ऑक्टोबर

ताप उतरला. सकाळी चहा झाला तेव्हा आई म्हणाली, “बस. तू उगाच जळतेयस, ते मला बघवत नाही.”

आणि कप खाली न ठेवता सांगितलं. त्या संध्याकाळी शिडामागे ते तिला म्हणाले होते, लग्न करायचं तर काही लपवायला नको. बायको भांडता भांडता तोल जाऊन पडली. किनारा लांब होता. ती हाका मारत होती. “मी होडी वळवली नाही, सिस्टर. बघत बसलो. नंतर फार हलकं वाटलं.”

“दांडा वाऱ्यानेच फिरला,” आई म्हणाली. “ते माझं नाही.”

मग चहा संपवला.

“पण वळवता येत होती मला. तू दुपारभर दुकानात असायचीस ना — अख्खा ऑगस्ट त्यांनी तेच तर शिकवलं मला.”